अण्णांच्या खोलीतला आकडा

एकदा एका कापूसपेठेच्या गावी एक वृद्ध कारागीर राहत होता. घरोघरचे एसी खोलून धुण्यात त्याचे अवघे आयुष्य गेले होते. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. वयाने बत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, बुद्धीने तल्लख आणि हाताने चपळ. चपळाईत एक खोड असते. ती अंगवळणी पडली की माणूस तिलाच कौशल्य समजू लागतो, आणि भोवतालचे लोकही त्याला शहाणा म्हणू लागतात. गुरू दिवसाकाठी तीन एसी धुवी, शिष्य अकरा उरकून घरी जाई.

चैत्रात गावच्या एका व्यापाऱ्याकडून बोलावणे आले. व्यापाऱ्याचे वडील, ज्यांना सारे घर अण्णा म्हणे, तीन वर्षे पक्षाघाताने अंथरुणाला खिळले होते. उजवे अंग गेलेले, वाचाही गेलेली. उन्हाळा तोंडावर आला म्हणून त्यांच्या खोलीतला एसी धुऊन हवा होता. गुरू तापाने फणफणला होता, त्यामुळे शिष्य एकटाच गेला. त्याने एसीची पुढची जाळी काढली, नळाखाली धरली, झटकून पुन्हा बसवली. जाळीच्या मागे तांब्याच्या नळ्यांची कॉइल असते आणि तिच्यावर कागदासारखे पातळ पत्रे असतात. हवा गार होते ती त्या पत्र्यांच्या फटींतून जाताना. पण कॉइल धुवायची म्हणजे पलंग सरकवा, खाली ताडपत्री बांधा, तास-दीड तास घालवा. त्यात पलंगावर आजारी माणूस. शिष्याला कॉइल दिसली, तिच्यावर चढलेला राखाडी थरही दिसला. त्याने झाकण लावून टाकले. एसी सुरू झाला, त्याच्या तोंडावर अठराचा आकडा उजळला, आणि शिष्य म्हणाला, "घ्या शेठ, अठरा. झालं काम."

अण्णा त्याच्याकडे बघत होते. पण न बोलणाऱ्या माणसाच्या बघण्याला कोण विचारतो?

वैशाखात गावाची भट्टी झाली. दुपारी रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसेना. त्याच सुमारास एका दुपारी अण्णा गेले. शिष्याला ही वार्ता कळली ती दहाव्या दिवशी, चहाच्या टपरीवर. कोणीतरी सहज म्हणाले, "उष्म्यानं गेले म्हणे. एसी चालू होता, तरी अंग नुसतं भाजत होतं." शिष्याने चहा तसाच टाकला आणि तो उठला. एक दिवस तो तोंडाला कुलूप लावून वावरला. दुसऱ्या दिवशी गुरूपुढे बसला आणि चैत्रातली हकिगत त्याने अडखळत सांगून टाकली.

गुरू रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते, असे शिष्याला वाटले. म्हातारा एवढेच म्हणाला, "तेरावा होऊ दे त्यांचा. मग जाऊ."

चौदाव्या दिवशी भर दुपारी दोघे व्यापाऱ्याच्या दारी उभे राहिले. व्यापाऱ्याच्या मुंडण केलेल्या डोक्यावर खुरटे केस आले होते. तो थकल्या आवाजात म्हणाला, "मिस्त्री, आता कशाला? ती खोली आम्ही बंदच ठेवणार आहोत."

"शेठ, आमचं काम अर्धं राहिलंय. तेवढं पुरं करू द्या."

व्यापाऱ्याला काही उमगले नाही, पण म्हाताऱ्या माणसाला दारातून परत कसे पाठवायचे, म्हणून त्याने खोली उघडून दिली.

गुरूने अवजारांच्या पिशवीला हातसुद्धा लावला नाही. त्याने खिडकी लावून घेतली आणि एसी सुरू केला. अठराचा आकडा उजळला. मग पलंगाकडे बोट दाखवून तो शिष्याला म्हणाला, "आडवा हो." गादी केव्हाच घराबाहेर गेली होती, नुसती फळी उरली होती. शिष्य चमकला. गेलेल्या माणसाच्या पलंगावर असे कोणी निजते का? "आडवा हो," गुरू पुन्हा म्हणाला. "उजवं अंग हलवायचं नाही. बोलायचं नाही. मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

शिष्य आडवा झाला. पहिली चार मिनिटे बरी गेली, कारण उन्हातून आलेल्याला कोणतीही खोली गारच वाटते. मग वरच्या गच्चीचा तापलेला स्लॅब अंगावर उतरू लागला. घाम कपाळावरून कानात गेला, मानेखाली साचला. समोर एसी घरघरत होता, वारा येत होता, पण तो वारा कोमट होता. आकडा मात्र अठराच होता. अर्धा तास झाला. जीव घुसमटला, उठावेसे वाटले, ओरडावेसे वाटले. गुरू भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत बसला होता. शिष्याचा डावा हात त्याच्या नकळत फळीवर आपटू लागला.

व्यापारी दारात आला. सवयीप्रमाणे त्याने आधी एसीकडे बघितले. "अठरा आहे की," तो म्हणाला.

मग त्याला हाताचा आवाज ऐकू आला आणि तो दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. "अण्णा असाच हात आपटायचे," तो म्हणाला. "आम्हाला वाटायचं, पाणी मागताहेत. मी यायचो, पाणी पाजायचो. आकडा बघायचो. जायचो."

गुरूने शिष्याला उठवले आणि कॉइल धुवायला सांगितले. शिष्याने पलंग सरकवला, ताडपत्री बांधली, मऊ ब्रशने एकेक फट मोकळी केली, पंपाने पाणी मारले. बादलीत उतरले ते पाणी राखाडी होते, पिठल्यासारखे दाट, आणि त्याला सुवास येत होता. व्यापारी जवळ आला, वाकला.

"ही अण्णांची पावडर," तो म्हणाला. "पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून माझी बायको दिवसातून दोनदा लावायची. तीन वर्षं. एक दिवस चुकवला नाही हो तिनं."

शिष्याच्या हातातला ब्रश थांबला. तो म्हणाला, "शेठ, चैत्रात मी ही कॉइल धुतली नव्हती. दिसली होती मला. बघून झाकण लावलं."

व्यापारी बादलीपाशीच खाली बसला. तेव्हा गुरू बोलला.

"शेठ, हा आकडा खोली किती गार आहे ते सांगत नाही. आपण किती गार मागितलंय, तेवढंच सांगतो. यानं आकडा बघितला, तुम्हीही आकडा बघितला. खोली कशी आहे हे कळत होतं एकाच माणसाला, आणि त्याला बोलता येत नव्हतं." मग तो शिष्याकडे वळला. "अण्णा तुझ्यामुळे गेले, असं मी म्हणत नाही. नाही गेले, असंही मला म्हणता येत नाही. ते ओझं उतरवायला मी तुला इथं आणलेलं नाही. नीट उचलता यावं म्हणून आणलंय."

शिष्याने झाकण लावले, पलंग जागेवर आणला, एसी सुरू केला. आकडा अठराच उजळला. दहा मिनिटांत खोली इतकी गार झाली की व्यापाऱ्याच्या उघड्या दंडांवर काटा आला. त्याचा हात सवयीने पलंगाच्या पायथ्याशी चादर शोधू लागला आणि नुसत्या फळीवरून फिरून परत आला. "एवढी गार व्हायची ही?" तो म्हणाला. त्याने शिष्याला क्षमा केली नाही, शापही दिला नाही. तो उठून आतल्या घरात निघून गेला.

आपल्याही घरी कोणी ना कोणी पडून असते, ज्याची विचारपूस आपण दारातून आकडा बघून उरकतो.

तो शिष्य आता दिवसाला तीनच एसी धुतो. काम संपले की घरधन्याला विचारून, त्या खोलीत जो निजतो त्याच्या जागेवर पाव तास आडवा होतो. लोक त्याला हसतात. तो आकड्याकडे पाठ करून पडून राहतो.