घंगाळातले पाणी

एकदा एका बाजाराच्या गावात जुलाब-उलट्यांची साथ पसरली. कोणी तरी नासक्या अंड्यांचे नाव घेतले आणि माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. तेव्हा गावच्या वृद्ध वैद्यराजांनी वेशीवरच्या दगडी ओट्यावर पाण्याचे घंगाळ ठेवले व शिष्याला तेथे बसवले. "अंडे पाण्यात सोडायचे. बुडाले तर ताजे. तरंगले तर टोपली परत," एवढे सांगून ते शेजारगावचे रुग्ण पाहायला निघून गेले.

शिष्य भलताच काटेकोर. पाणी दूषित होऊ नये म्हणून तो सकाळ-संध्याकाळ त्यात ओंजळभर मीठ टाकी. पाणी बदलणे मात्र त्याला सुचले नाही. उन्हाने घंगाळ आटत चालले, तरंगणारी अंडी वाढत गेली, आणि जग किती लबाड आहे हे पाहून त्याचे मन कडू होत गेले.

एके दुपारी तान्हूबाई टोपली घेऊन आली. तिचे पहिले अंडे तरंगले, दुसरे तरंगले, पाण्यात सोडली तेवढी सगळीच तरंगली. ज्याचा मुलगा साथीत अंथरुणाला खिळला होता, असा एक व्यापारी तेथेच उभा होता. त्याचा तोल सुटला.

"हिनंच माझ्या पोराला विष घातलं! हिचं खोपट पेटवा!"

"देवाशपथ, सकाळीच खुराड्यातनं काढलीत," तान्हूबाई शिष्याला म्हणाली. तिने टोपली पुढे केली. "बाकीची टोपलीत भुशात आहेत, अजून ऊब आहे त्यांना. हात तरी लावून बघा, दादा!"

शिष्याने हात लावला नाही. "पाणी खोटं बोलत नाही, बाई."

ओरडा ऐकून माणसे जमली. कोणी तरी पलिता पेटवून आणला. व्यापाऱ्याने तो हिसकावून घेतला आणि जमाव खोपटाकडे वळला. तेवढ्यात वैद्यराज वेशीतून आत आले. सारा प्रकार त्यांनी ऐकून घेतला, अंडी बाहेर काढून ठेवली आणि घंगाळ ओट्यावर पालथे केले.

"पुरावाच सांडला म्हाताऱ्यानं!" व्यापारी ओरडला.

वैद्यराजांनी विहिरीचे ताजे पाणी मागवले. तीच अंडी त्यांनी पुन्हा एकेक करून पाण्यात सोडली. एकेक अंडे तळाशी जाऊन आडवे झाले. व्यापाऱ्याच्या हातातला पलिता खाली आला. शिष्याला काहीच उमगेना. मग त्याची नजर ओट्यावर गेली. तापल्या दगडावर सांडलेले पाणी वाळले होते आणि मागे पांढरा थर उरला होता.

"मिठाने पाणी जड होते," वैद्यराज म्हणाले. "त्यात नासके तरंगते तसे ताजेही तरंगते. तू हेतू चांगला धरलास, पण ओंजळीओंजळीने आपलेच पाणी खारट केलेस आणि दोष अंड्यांना देत राहिलास. ज्या दिवशी सगळेच नासके दिसू लागले, त्या दिवशी तरी बोट बुडवून चाखायचे होते."

शिष्याचा चेहरा उतरला. "आणि इतके दिवस ज्यांच्या टोपल्या मी परत पाठवल्या, ते?"

"त्यांच्या दारी तुलाच जावे लागेल."

शिष्य तान्हूबाईसमोर आला. त्याने भुशात हात घालून एक अंडे तळहातावर घेतले. त्याला अजून ऊब होती.