अर्ध्या कोसाची राजधानी

“मग आबा, राजधानीच म्हणायची ना?”

विश्वंभरने नकाशा आबांच्या पुढ्यात पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. नकाशावर नुसते ठिपके. एक ठिपका म्हणजे एक जुनं खापर. खामगव्हाणच्या टेकाडाभोवती, चहूबाजूंनी अर्धा अर्धा कोस, ठिपकेच ठिपके.

आबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

आबा गुळवे म्हणजे जन्मभर मातीखालची गावं उकरत आलेला माणूस. नोकरी संपली तरी शहरात गेले नाहीत, टेकाडाच्या पायथ्याशी दोन खोल्या बांधून राहिले. बोलणं जेमतेम. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं आता मोठी साहेब झाली होती, तरी आबा नुसतं ‘हूं’ म्हणाले की भलेभले आपले कागद पुन्हा तपासायला घ्यायचे.

“हूं,” आबा म्हणाले.

“सातशे वर्षांपूर्वीचं नगर, आबा! एवढं मोठं, आणि कुणाला पत्ता नाही! परवा पुण्याच्या परिषदेत निबंध वाचतोय. पत्रिकेत नाव छापून आलंय माझं. आठ वर्षं घातलीत मी यात.”

“खापरं केवढी?”

“बारीक. नखाएवढी.”

“कडा?”

“झिजलेल्या.”

“भिंतीचा पाया लागला कुठे?”

“अजून नाही.”

“चूल?”

“... नाही.”

“अरेरे!” आबा म्हणाले. “एवढी मोठी राजधानी, आणि सगळी उपाशीच निजत होती?”

विश्वंभरला हे झोंबलं. कुणालाही झोंबलं असतं.

“चुली टेकाडावर आहेत ना. पंधरा-वीस आहेत. जातं आहे, विळा आहे, जळकी ज्वारी आहे. पण ते साधं खेडं हो, आबा. शेतकऱ्यांचं. खेड्याला कोण विचारतं?”

“आणि हे ठिपके? पांढरीत की काळीत?”

माणसं राहून राहून, राख आणि शेणमाती मुरून जी जमीन फिकी पडते ती पांढरी. तिथे गाव वसतं. जी पिकते ती काळी. हे तर खेड्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

“काळीत,” विश्वंभर म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा खाली आला. पण हटणारा गडी नव्हता तो. “नगर उजाड झाल्यावर वरून नांगर फिरला असणार, आबा. पाया, चुली, राख, सगळं विस्कटून गेलं असणार.”

आबांनी काठी घेतली आणि उठले.

“चल.”

घरामागेच शेजारच्या चांगुणाबाईंचा उकिरडा होता आणि उकिरड्याला लागून त्यांचं वावर. वर्षभराचं खत पावसाआधी वावरात पडायला हवं, म्हणून बाई सकाळपासून एकट्याच पाट्या भरून वाहत होत्या.

“चांगुणाबाई, तुम्हाला एक गडी आणलाय.”

बाईंनी विश्वंभरच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्याकडे पाहिलं. “ह्यो? आन् गडी? आबा, सकाळच्या पारी माझीच चेष्टा का?”

“उचल रे,” आबा म्हणाले.

“आबा, परवा परिषद आहे, आणि तुम्ही मला...”

“उचल.”

काय करतो! गुरूचा शब्द. विश्वंभर मुकाट्याने वाकला. बाईंनी जुनेराची चुंबळ वळली, त्याच्या टाळूवर ठेवली आणि अंगठ्याने दाबून बसवली. मग पाटी वर दिली.

त्या अंगठ्याच्या दाबाने विश्वंभर होता तिथेच थबकला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आई अशीच चुंबळ दाबायची. मान ताठ ठेव राजा, म्हणजे जड वाटत नाही, म्हणायची. पण पुण्याला गेल्यापासून त्याने डोक्यावरून खत वाहिल्याचं कुणाला सांगितलं नव्हतं. घरचं विचारलं तर ‘वडील शेती बघतात’ एवढं म्हणायचा. आईचा विषय तर आठ वर्षांत आबांसमोरही काढला नव्हता.

त्याने मान ताठ केली आणि चालू लागला.

एक पाटी झाली, दोन झाल्या. सदऱ्याची इस्त्री गेली, मानेवरून घाम आणि खताचं पाणी ओघळलं. चौथी पाटी पालथी करून तो हाताने खत पसरू लागला आणि एकदम ओरडला, “आई गं!”

बोटातून रक्त आलं होतं. खतात हिरव्या काकणाचा तुकडा होता. शेजारी चहाच्या कपाचा तुटका कान.

“काच लागली व्हय?” चांगुणाबाई धावत आल्या आणि त्याचं बोट त्यांनी पदरात दाबून धरलं. “जळ्ळी मेली सवय! घर झाडलं की फुटकंतुटकं समदं उकिरड्यात जातंय, आन् उकिरडा वावरात. काकण माझंच हाय. कपाचा कान बी आमचाच, नातीनं फोडला.”

विश्वंभरचं लक्ष बोटाकडे नव्हतं. तो वावराकडे बघत होता. उकिरड्याजवळ पांढऱ्या कपबशीचे बारके तुकडे जागोजाग चमकत होते. पुढे विरळ, बांधाकडे आणखी विरळ. असेच ठिपके त्याने आठ वर्षं स्वतःच्या हाताने कागदावर मांडले होते.

तो मटकन खाली बसला.

“आबा... हे नगर नाही.”

आबा बांधावर टेकले होते. “हूं.”

“हे खत आहे. टेकाडावरच्या घरांतली मडकी फुटली, काकणं वाढवली, केरात गेली. केर उकिरड्यात, आणि उकिरडा पाटीतून इथे. दरसाल. शेकडो वर्षं... माझे ठिपके संपतात तिथे वेस नव्हती, आबा. तिथवर कुणीतरी पाटी घेऊन जात होतं, एवढंच.”

आबांनी काठीने एक ढेकूळ फोडलं.

“आमच्या वावरातही अशीच खापरं लागायची. मी स्वतः वाहिलंय हो खत! माझ्या डोक्यावर पाटी होती. मला कसं कळलं नाही?”

आणि तो रडला. छत्तीस वर्षांचा, अंगापिंडाने भरलेला माणूस, ढेकळांत बसून हमसून हमसून रडला. आठ वर्षं थोडी असतात का!

चांगुणाबाई घाबरल्या. “अवं भाऊ, येवढं काय कापलं न्हाई बोट! आबा, काय झालं वो ह्यांना?”

“त्याचं नगर गेलं.”

“आगं बया! कुटं गेलं?”

“तुमच्या वावरात.”

बाईंना काही उमगलं नाही. आबांनी ढेकळातून नखाएवढं एक काळं खापर उचललं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. बाईंनी ते थुंकी लावून पुसलं, उन्हात धरलं. कडेला बोटाने ओढलेली एक रेघ दिसली.

“आमच्यातलं न्हवं हे. लई जुनं दिसतंय. कुण्या बाईच्या हातनं मडकं फुटलं आसंल, सासूनं बोलणी दिली आसतील बघा तिला.” मग त्या हसल्या. “बारा वर्सांनी उकिरड्याचा बी पांग फिटतो म्हंत्यात. ह्याला जरा जास्तीच येळ लागला.”

बाई उठल्या. काम पडलं होतं, पाऊस काही कुणासाठी थांबत नाही. जाता जाता ते खापर त्यांनी विश्वंभरच्या ओंजळीत ठेवलं.

विश्वंभरने ते उन्हाकडे वळवलं. रडणं ओसरलं होतं. खापरावरच्या रेघेत त्याने आपलं बोट ठेवून पाहिलं. रेघ बारीक होती, त्याच्या बोटाला पुरेना.

“आबा,” तो हळूच म्हणाला, “तिथे परवा उभं तर राहायला हवं. राजा नाही, राजधानी नाही. एवढ्या लोकांपुढे बोलायचं म्हणजे कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं. मी कुणाचं घेऊ?”

आबा बांधावरून उठले, त्याच्याशेजारी येऊन उकिडवे बसले. त्याच्या केसांत अडकलेली काडी त्यांनी काढून टाकली. सदऱ्याच्या खांद्यावरचं खत हाताने झटकलं...

“तुझ्या आईचं नाव काय रे?”