पाहुण्यांची बरणी

फार पूर्वी भांडी आपापसांत बोलत आणि माणसं ऐकत नसत. त्यातलं दुसरं अजून बदललेलं नाही.

एका फडताळात चिनी मातीची बरणी होती, डिंकाच्या लाडवांनी भरलेली. लाडू मालू बाळंतिणीसाठी वळलेले, पण तिच्या सासूबाई, गोदूबाई, म्हणाल्या, "राहू देत. कोणी आलं-गेलं तर घरात काही नको का?" मालू चहात पोळी बुडवून खाई आणि बाळ दुधावाचून रडे.

"फडताळदादा, दार उघड," बरणी रोज म्हणे. "ती पोर वाळून चालली."

"घराची अब्रू माझ्याकडे आहे. पाहुणा आला की उघडेन."

"तुझ्या अब्रूला आता वास येतोय!"

दोन महिन्यांनी गोदूबाईंची थोरली बहीण आली. तिनं लाडू चावला आणि तोंड वाकडं केलं. "अगं गोदे, खोबरं खवट झालंय की!"

"असू दे. सूनबाई, टाकू नकोस हं. उरलेले तू संपव."

मालू फडताळाकडे आली. बरणीच्या अंगाची आग झाली. चांगले होते तेव्हा हिचे नव्हते, आणि आता हिचे? मालूचा हात लागण्याआधीच बरणीनं स्वतःला खाली झोकून दिलं.

फुटक्या तुकड्यांतले लाडू कुणाला खाता येईनात. थोरल्या बहिणीनं पदर खोचला आणि त्याच दुपारी नवे वळले. गोदूबाई ते ठेवायला उठल्या, पण घरात दुसरी बरणी नव्हती. लाडू परातीतच राहिले, मालूच्या हाताशी.