दगडाने सांगितलेले टायर

गाड्या आपले टायर आपणच निवडायच्या, त्या काळातली ही गोष्ट. चारही चाकांच्या जोरावर चढणारी एक जीप हौसाबाई सुईणीला डोंगरावरच्या वस्तीत न्यायची. एकदा नवे टायर घ्यायला निघालेली ती जीप वाटेतल्या धारदार दगडापाशी थांबली.

"माझे किती टायर फाडलेस रे तू! आता चांगल्या जाड तळाचे आणते."

"तळाला मी लागतच नाही, बाई," दगड हळूच म्हणाला. "माझी धार टायरच्या बाजूला लागते. बाजू जाड असलेले आण."

"तुझं ऐकू? तुझं?"

"गेल्या खेपेला तू इथं बसलीस आणि हौसाबाई पायी वर गेली. पोचेपर्यंत बाळ गेलं होतं. उतरताना ती माझ्यावर टेकून बसली. मला वाटेतून सरकता येत नाही, म्हणून सांगतो."

जीपने जाड बाजूंचे, ओबडधोबड टायर घेतले. दुकानातले चकचकीत टायर तिला हसले.

पंधरवड्याने वस्तीवरून बोलावणं आलं. दगडाची धार टायरच्या बाजूला करकरून घासली, पण टायर फाटला नाही.

उतरताना जीप दगडापाशी थांबली. "मुलगी झाली," ती म्हणाली.

"रडली का?"

"अजून रडतेय."