चाफ्याचा चीक

अवजारं झाडांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एका बागेत एक चाफा होता आणि त्याची काळजी वाहणारी एक खुरपी होती. मार्गशीर्षात चाफ्याची सगळी पानं गळाली. खुरपी घाबरली. तिने टोकाने सालीवर हलकेच ओरखडा काढला, तेव्हा पांढरा चीक आला.

"आहेस ना रे?"

"आहे, खुरपीताई. दमलोय फक्त. चैत्रापर्यंत निजू दे."

"निज की! मी कुठे अडवतेय?"

पण दुसऱ्या सकाळी ती पुन्हा आली, तिसऱ्याही. रोज नवा ओरखडा, रोज तोच प्रश्न.

कोपऱ्यातली झारी म्हणाली, "अगं, झोपलेल्याला उठवून झोप लागली का विचारतेस?"

"तुझं काय जातंय बोलायला? जीव माझा टांगणीला लागतो," खुरपी फणकारली.

चाफा दर वेळी थोडा चीक गाळून "आहे" म्हणे. पुढे पुढे तेही अगदी हळू.

चैत्र आला. शेजारचे चाफे फुलांनी भरले. याच्या फांद्यांना चार पानं तेवढी फुटली.

"एवढं जपलं तुला, आणि फूल एकही नाही?" खुरपीने विचारलं.

"थोडी ताकद साठवली होती गं," चाफा म्हणाला. "ती रोज तुला 'आहे' म्हणण्यात संपली."