मार्सियालने बूट काढले तो सामना

स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावर, मासेमारीवर जगणाऱ्या एका गावात, एकदा एक बचावपटू होता. मार्सियाल त्याचं नाव. गावच्या फुटबॉल संघात सतरा वर्षं तो एकाच जागी खेळला, आपल्या गोलच्या पुढ्यात, बचावफळीच्या मधोमध. समोरचा कोणत्या पायाने चेंडू मारणार हे मार्सियालला त्याच्याही आधी कळतं, असं लोक म्हणत. सहकाऱ्याची चूक झाली की ती निस्तरायला मार्सियाल तिथे हजर असे.

मग ऐन हंगामात संघाचा प्रशिक्षक सोडून गेला. संघ गुणतक्त्याच्या तळाशी रखडत होता. संघ चालवणाऱ्या मंडळाने मार्सियालला ती जागा घ्यायची गळ घातली आणि त्याने होकार दिला. वय अडतीस, उजवा गुडघा कुरकुरणारा. खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव तसंच राहिलं, पण तो आता मैदानाच्या बाहेर उभा राहू लागला.

तिथे त्याचं स्वास्थ्य हरपलं. संकट त्याला पूर्वीसारखंच आधी दिसे, पण आता धावून जाता येत नसे. मग तो ओरडे. मागे हो, डावीकडे बघ, सोडू नकोस त्याला. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत त्याचा आवाज थांबत नसे. घरी जेवणाकडे लक्ष नसे. बायको काही विचारी, तेव्हा त्याच्या ध्यानात येई की आपण टेबलावरचे पेले बचावफळीसारखे मांडत बसलो आहोत.

त्याच्या जुन्या जागी आता ब्राउलियो खेळत होता. बावीस वर्षांचा, चपळ, आज्ञाधारक. गेल्या तीन सामन्यांत संघावर तीन गोल त्याच्याच जागेतून झाले होते, आणि तिन्ही वेळा ब्राउलियो क्षणभर थबकला होता. मार्सियालने मनाशी निदान केलं, की या पोराला संकटाची जाण नाही.

हंगामाचा एकच सामना उरला. बरोबरी झाली तरी संघ तरणार होता. हरला तर खालच्या श्रेणीत जाणार होता, आणि तसं झालं तर संघच बंद करायचा, असं मंडळाने सांगून टाकलं होतं. मार्सियालने ठरवलं, ब्राउलियोला बसवायचं आणि स्वतः उतरायचं.

तरी जीव धजेना. शुक्रवारी तो कास्तोंकडे गेला. कास्तो ऐंशीला टेकलेले. मार्सियालला नवव्या वर्षी चेंडू अडवायला त्यांनीच शिकवलं होतं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं, पण उतर किंवा उतरू नकोस, दोन्हींतलं काहीच सांगितलं नाही. सुरुवात ब्राउलियोला करू दे, एवढं सुचवलं आणि म्हणाले, “रविवारी मी तुझ्या शेजारी बसेन. सामन्यात एकदाच काहीतरी मागेन. ते कारण न विचारता द्यायचं.”

मार्सियालने शब्द दिला.

रविवारी दुपारी सगळं गाव मैदानाभोवती लोटलं. सकाळी पाऊस पडून गेल्याने कडेला चिखल झाला होता. कास्तो येऊन राखीव खेळाडूंच्या बाकावर बसले. मैदान लहान, माणूस सर्वांच्या आदराचा, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. मार्सियाल मात्र एक क्षणही बसला नाही. खेळाडूचा पोशाख आणि बूट घालूनच तो सीमारेषेवर उभा होता. मध्यंतरापर्यंत त्याचा आवाज फाटला. सत्तर मिनिटं झाली, गोल कोणाचाच नव्हता. पण पाहुणा संघ चढत चालला होता. ब्राउलियो पुन्हा एकदा थबकला आणि चेंडू गोलच्या खांबावर आदळून बाहेर गेला.

मार्सियाल बाकाशी आला आणि बुटांच्या नाड्या आवळू लागला.

“आता मागतो,” कास्तो म्हणाले. “ते बूट काढ आणि मला दे.”

मार्सियाल त्यांच्याकडे बघतच राहिला. म्हाताऱ्याला भ्रम झाला की काय, अशी शंका त्याला आली. पण दिलेला शब्द त्याला मोडवेना. त्याने बूट काढले. कास्तोंनी ते बाकाखाली सरकवले आणि त्याला बसायची खूण केली. मोज्यांवर चिखलात जाणार तरी कुठे? तो बसला. छातीत धडधडत होतं. तोंड उघडलं, तर कास्तोंचा हात त्याच्या गुडघ्यावर येऊन टेकला.

मैदानात ब्राउलियोने सवयीने वळून पाहिलं. रेषेवर कोणीच नव्हतं. त्याने आणखी एकदा पाहिलं. त्यानंतर त्याने मान वळवली नाही.

अखेरच्या मिनिटाला पाहुण्यांचा आघाडीवीर चेंडू घेऊन एकटाच सुटला. आता धाव, अंगावर जा, असं मार्सियालचा प्रत्येक स्नायू ओरडत होता. ब्राउलियो धावला नाही. तो पावलापावलाने मागे सरकत गेला, समोरच्याला कडेकडे जायला लावत, वेळ काढत. तेवढ्यात मागून आलेल्या सहकाऱ्याने चेंडू हिसकावून रेषेबाहेर धाडला. शिट्टी वाजली. संघ तरला.

लोक मैदानात धावले. मार्सियाल बाकावरच राहिला.

“तू बचावपटू म्हणून मोठा होतास,” कास्तो हलकेच म्हणाले, “कारण इतरांना दिसण्याआधी तुला धोका दिसे. पण त्या पोरालाही दोन डोळे आहेत. तुझ्या ओरडण्याने ते दोन्ही तुझ्याकडे लागले. तो थबके, ते धोका दिसत नाही म्हणून नव्हे. तुझी आज्ञा ऐकायला थबके. भीती तुझी होती, मार्सियाल. ती तू अकरा जणांत वाटत होतास. प्रशिक्षकाने आपली भीती आपल्याजवळ ठेवायची असते. ते काम खेळण्याहून कठीण आहे.”

मार्सियालने वाकून बाकाखालचे बूट ओढून घेतले.

थोड्या वेळाने ब्राउलियो आला, चिखलाने माखलेला. तिकडच्या रिवाजाप्रमाणे तो प्रशिक्षकाला मिस्टर म्हणे. त्याने अवघडून विचारलं, “मिस्टर, शेवटी मी मागे सरकलो ते चुकलं का?”

मार्सियालने तो क्षण पुन्हा डोळ्यांपुढे आणला. आघाडीवीराचा डावा पाय, मोकळी जागा, आपली झेप.

“मी असतो तर धावलो असतो,” तो म्हणाला. “आणि त्याने मला चकवलं असतं.”

पुढे अनेक वर्षं त्याने संघ शिकवले. प्रत्येक सामन्यात त्याच्या छातीत तसंच धडधडत राहिलं. मैदानावरच्या कोणालाही ते कधी ऐकू गेलं नाही.