निमजाईच्या बारवेचं पाणी

"मग मी खोटं लिहिलंय का, माई?"

"खोटं कुठं म्हटलं मी? शिळं म्हटलं."

हेमराजचा चेहरा लालबुंद झाला. समोर सगळा मठ बसलेला. मठाची रीत अशी, की शिष्याने एक विषय स्वतः शोधून लिहायचा. मठाची प्रमुख साळूमाई ते आधी स्वतः तपासायची, आणि तिने 'वाच' म्हटलं, की तो सर्वांसमोर वाचायचा. त्यानंतरच त्याला शिकवायला बसता येई.

हेमराजने डोंगरापलीकडच्या निमजाईच्या बारवेवर लिहिलं होतं. हातात कागद घेऊन तो केव्हाचा उभा होता, आणि माई तो एक शब्द काही उच्चारत नव्हती.

"थोरल्या गुरुबंधूंचं सगळं लेखन पालथं घातलंय मी. एक ओळ आधाराशिवाय नाही!"

"दिसतंय की. नुसते टेकूच टेकू. भिंत कुठंय?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"तुम्हाला माझं चांगलं बघवतच नाही!"

आता मात्र कुणी हसलं नाही.

माई रागावली नाही. "बारवेचं पाणी कसं आहे रे?"

"अमृतासारखं गोड. सगळ्यांनी तेच लिहिलंय."

माईने शेजारचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. "भांडून घसा कोरडा पडला असेल. पी."

हेमराजने तोऱ्यात तांब्या तोंडाला लावला, मोठा घोट घेतला... आणि तसाच थांबला. गाल फुगलेले. मठाच्या अंगणात पाणी थुंकायचं नसतं. डोळे घट्ट मिटून त्याने घोट गिळला.

"हे... हे कुठलं मचूळ पाणी?"

"तुझ्याच बारवेचं. सकाळी जाऊन आले. पायऱ्यांवर शेवाळ माजलंय, तेही लिहिलं नाहीस."

"पण यांनी सगळ्यांनी तर..."

तो थोरल्या गुरुबंधूंकडे वळला. एकेकाची मान खाली गेली. तांब्या मागायला एकाचाही हात पुढे आला नाही.

मग त्याला माईची पावलं दिसली. घोट्यापर्यंत वाळलेला चिखल. लुगड्याच्या काठाला हिरवा डाग...

कागद त्याच्या मुठीत चुरगळला. मान वर न करता तो म्हणाला, "मी बारवेवर कधी गेलोच नाही, माई."

"हं," माई म्हणाली, "आता वाच."